मुक्काम पोस्ट भिंगार

जून महिन्यात हजेरीपटावर नव्या मुलांची नावं चढवायचं काम मी ऑफिसवर सोडत नाही. प्रवेशाचा फॉर्म समोर घेते, मुलाला जवळ बोलावते, त्याच्या तोंडून नाव ऐकते आणि मग लिहिते. मराठीचा पहिला तास तिथेच सुरू होतो, असं मी मानते.

आपल्याकडे नाव म्हणजे तीन गोष्टी: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. एकदा वेल्लोरकडची एक मुलगी आमच्या सहावीत आली. तिच्या नावाआधी ‘एस’ एवढं एकच अक्षर होतं. आडनाव विचारलं तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या घरी आडनाव लावतच नाहीत. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे जोडलं की नाव पूर्ण होतं. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून कुणीतरी तिथे वडिलांचंच नाव भरून टाकलं होतं. त्यामुळे कागदावर तिच्या वडिलांचं नाव दोनदा आलं होतं. त्याच वर्षी वर्गात एक शीख मुलगा होता, त्याची धाकटी बहीण चौथीत. तो सिंग आणि ती कौर. भिंगारच्या मुलांना वाटलं, ही सख्खी भावंडं नसणार. दोघांच्या डब्यात रोज एकच भाजी निघते हे पाहूनही त्यांची खात्री पटेना.

भिंगारची मुलं नव्या मुलाला पहिला प्रश्न विचारतात, “आडनाव काय तुझं?” छावणीतली मुलं विचारतात, “पापा किस यूनिट में हैं?” आणि लगोलग, “रँक?” दोन्ही प्रश्न वरवर साधे आहेत आणि दोन्ही प्रश्नांमागे एकच हिशेब आहे: याला कुठे बसवायचं, याच्याशी कसं वागायचं. आपल्या आडनावातून काय काय कळतं ते मराठी माणसाला सांगायला नको. रँकमधून काय कळतं ते छावणीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या वर्गात नव्या मुलाला हे दोन प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारायचे नाहीत, असा नियम आहे. त्याऐवजी काहीही विचारा. मधल्या सुट्टीत काय खेळतोस, पोहायला येतं का, डब्यात काय आणलंस. हा नियम मोडला जातो, हे मला माहीत आहे. तरी मी तो दर जूनमध्ये नव्याने सांगते.

भिंगार नगर शहराला लागून, पाथर्डी रस्त्यावर आहे. नगर आता अहिल्यानगर झालं, पण भिंगार भिंगारच राहिलं. एका अंगाला छावणी, दुसऱ्या अंगाला बाजारपेठ, आणि भोवती नागरदेवळे, आलमगीर, वडारवाडी, दरेवाडी अशी गावं. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचंही केंद्र आहे. रणगाड्यांचं संग्रहालय बघायला बाहेरगावची माणसं येतात. पंजाब, हरियाणा, राजस्थान, तमिळनाडू, बिहार, मणिपूर अशा सगळीकडचे जवान बदलीवर येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि जातात. आमची शाळा राज्य मंडळाची, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मराठी सक्तीची आणि पुस्तक बालभारतीचं ‘सुलभभारती’. वर्गात जवानांची मुलं असतात, भिंगारच्या दुकानदारांची असतात, पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागांवर आलेली खेड्यांतली मुलंही असतात. तिघांनाही मी एकच पुस्तक शिकवते.

पुस्तकात एक मूल आहे. त्याला गाव आहे, गावात आजी-आजोबा आहेत, उन्हाळ्यात मामाकडे जायचं असतं, दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा असतो. मला हे मूल आवडतं. माझं स्वतःचं लहानपण तसंच गेलं. पण माझ्या वर्गात ते मूल फार थोड्या बाकांवर बसतं. भाषेच्या वर्गातला सांस्कृतिक फरक म्हटला की आपल्याला सण, पोशाख, खाणंपिणं आठवतं. माझा अनुभव असा, की ते फरक मुलं मधल्या सुट्टीत आपणहून मिटवून टाकतात. अडतं ते पुस्तकाने काही न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टींपाशी, कारण त्या कुणाला सांगाव्याशा वाटत नाहीत.

एका पाठात मुलगा आईला म्हणतो, ‘आई, तू कधी येशील?’ वाचून झालं आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला. मुलगा फैजाबादकडचा. “मॅडम, मम्मी को तू?” त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता. त्याच्या घरी आईला ‘आप’ म्हणतात. तू म्हणणं म्हणजे भांडण किंवा अपमान. पुस्तकातला मुलगा वाया गेलेला आहे आणि मॅडम त्याचं उदाहरण देतायत, असं त्याला वाटलं असणार. मी काही बोलण्याआधी ती वेल्लोरची मुलगी म्हणाली, “हमारे घर में भी अम्मा को तू ही बोलते हैं. अप्पा को नहीं.” लगेच भिंगारची पोरं सरसावली: “आमच्यात पण! आईला तू, पप्पांना तुम्ही.” म्हणजे हजार किलोमीटरवरचं तमिळ घर आणि भिंगारचं घर एका बाजूला, आणि भाषेने मराठीच्या जवळचं हिंदी घर दुसऱ्या बाजूला. नकाशा पाहून हा अंदाज कधीच आला नसता.

त्या दिवशी पाठ पुढे गेला नाही. आम्ही फळ्यावर घरातली माणसं लिहिली आणि कोण कुणाला काय म्हणतं ते प्रत्येकाने सांगितलं. एका मुलीने सांगितलं, तिची आजी तिच्या आईला ‘तू’ म्हणते, आणि आई आजीला ‘तुम्ही’. एकाने सांगितलं, वडील चिडले की त्याला ‘आप’ म्हणतात आणि त्याची त्याला भीती वाटते. देवाला सगळ्यांच्याच घरी तू म्हणतात, हे निघालं तेव्हा फैजाबादचा मुलगा जरा सैलावला. त्याने आईला तू म्हणायला सुरुवात करावी, असं मला मुळीच वाटत नव्हतं. मराठी मुलगा तू म्हणतो तेव्हा त्यात लळा असतो, एवढं त्याला ऐकू यायला हवं होतं. ते ऐकू आलं की पुढच्या गोष्टी, कविता, संवाद सगळे बदलतात. सर्वनामांचा तक्ता त्याला आधीच पाठ होता, त्यात हे नव्हतं.

आवाजाचंही तसंच. लखनौहून आलेल्या एका मुलीच्या आईने मला पालकसभेत विचारलं होतं की इथले दुकानदार रागवतात का. भिंगारच्या बाजारात “काय पाहिजे? बोला लवकर” असं ऐकून त्या काही न घेताच परतल्या होत्या. नगरी बोलणं ठसक्याचं, हे आपण कौतुकाने सांगतो. नव्या कानाला तो ठसका लागतो. आपल्या मराठीत कृपया नि धन्यवाद कागदावर जास्त आणि तोंडात कमी. पण म्हणून मराठी माणूस उद्धट बोलतो असं नाही. त्याचा आदर आणि विनवणी वेगळ्या जागी बसलेली आहे, आणि ती जागा दाखवावी लागते. म्हणून मी सहावीला बाजारात नेते. वही-पेन्सिल घेऊन भाजीवाल्यांसमोर उभं राहायचं आणि माणसं मागतात कसं, ते लिहून घ्यायचं. मुलं लिहून आणतात: ‘मावशी, अर्धा किलो द्या की.’ ‘दादा, जरा ताजी बघून द्या ना.’ ‘असू द्या हो वहिनी, उद्या द्या पैसे.’ अख्ख्या बाजारात नावाने हाक मारणारं कुणी नसतं. ज्याच्याशी कसलंही नातं नाही त्याला आधी नात्यात घ्यायचं आणि मग भाव करायचा. त्या लखनौच्या मुलीने वहीत एक वाक्य लिहिलं होतं: दुकानदार माझ्या आईला ताई म्हणतो, म्हणजे तो रागवत नाही. ते वाक्य मी तिच्या आईला वाचून दाखवलं.

सगळ्यात जास्त मी शिकले ते पत्रलेखनाच्या तासाला.

डिसेंबरच्या सुमारास सहावीला घरगुती पत्र असतं. विषय ठरलेला: परगावी असलेल्या वडिलांना पत्र लिहा. मी खरं अंतर्देशीय पत्र हातात देते, कारण पत्ता कसा लिहायचा ते कागदावर जागा दिसल्याशिवाय कळत नाही. पुस्तकातला नमुना सरळ आहे. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. हरियाणाच्या एका मुलाने वडिलांचा नंबर लिहिला, हुद्दा लिहिला, नाव लिहिलं, युनिट लिहिलं आणि खाली लिहिलं: ‘द्वारा ५६ एपीओ’. त्याखाली नऊने सुरू होणारा पिनकोड. शेजारचा भिंगारचा मुलगा म्हणाला, “अरे, गाव लिही ना. गावाशिवाय कसं पोचंल?” तो म्हणाला, “गाँव नहीं होता.” “मग पप्पा राहतात कुठं?” “फिल्ड में.” “कुठल्या?” यावर तो गप्प झाला. भिंगारच्या मुलाने तीन-चार वेळा विचारलं, मग तोही रुसला. त्याला वाटलं, हा लपवतोय.

दोघांचंही बरोबर होतं. आपल्याकडे कुणाचे वडील कुठे असतात, काय करतात, कधी येणार, हे विचारणं म्हणजे आपुलकी. न विचारणारा माणूस तुसडा. लष्करी घरात वडील नेमके कुठे आहेत हे विचारायचं नसतं आणि विचारलं तर सांगायचं नसतं. हे मूल बोलायला लागतं तेव्हापासूनच शिकतं. एकाच्या घरचं सौजन्य दुसऱ्याच्या घरी बेशिस्त ठरतं. मी वर्गाला लष्करी टपालाची व्यवस्था समजावून सांगितली. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ ही गावं नाहीत. पश्चिम आणि उत्तरेकडच्या तुकड्यांची पत्रं दिल्लीत जमतात, पूर्वेकडच्यांची कोलकात्यात, आणि तिथून लष्कराचं टपाल खातं ती त्या त्या तुकडीपर्यंत नेतं. पत्र लिहिणाऱ्याला जागा कळत नाही, तरी पत्र पोचतं. वर्ग शांतपणे ऐकत होता.

मग माझं लक्ष खिडकीजवळच्या मुलाकडे गेलं. पाथर्डी तालुक्यातला, इथे काकांकडे राहणारा. त्याच्या कागदावर मजकूर भरगच्च होता आणि पत्त्याच्या जागी फक्त ‘निपाणीच्या पुढं’ एवढंच. त्याचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या आपल्या तालुक्यांतून आणि बीडमधून किती घरं अशी जातात, ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला माहीत आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि टोळी कारखान्याच्या हिशेबाने या फडातून त्या फडात जाते. सांगली, कोल्हापूर, सीमेपलीकडचं बेळगाव. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांना कायमचा पत्ता नसतो. “मॅडम, मुकादमाचा मोबाइल नंबर लिहू का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, लिही.

हरियाणाच्या मुलाने मान वळवून त्याचा कागद वाचायचा प्रयत्न केला. मराठी त्याला नीट येत नव्हती. “इसके पापा भी फिल्ड में हैं?” त्याने मला विचारलं. ऊस तोडायचा तो फड आणि सरहद्दीवरचं ते फिल्ड. मी हो म्हटलं. त्यानंतर मला वर्गात काही करावं लागलं नाही. आई पण जाते का, फोन किती दिवसांनी येतो, सणाला येतात का, आजी जेवायला काय करते, हे त्या दोघांनी एकमेकांना मोडक्यातोडक्या मराठी-हिंदीत विचारून घेतलं. सहा महिने एका वर्गात बसूनही त्यांच्यात धड बोलणं झालेलं नव्हतं. एक जण लष्कराचा, एक जण खेड्यातला. आम्ही शिक्षकही त्यांना दोन वेगळ्या गटांत धरत होतो. खरं तर वडिलांची वाट बघणाऱ्या मुलांचा एक गट होता आणि रोज संध्याकाळी वडील घरी येणाऱ्या मुलांचा दुसरा. या वाटणीत भाषा, प्रांत, जात काहीच कामाचं नव्हतं. ऊसतोडीच्या मुलाच्या पत्राचा फोटो काढून त्याच्या काकांनी मुकादमाला पाठवला. दुसरं पत्र आम्ही टपालपेटीत टाकलं.

त्या आठवड्यात मी वर्गाला नगरच्या किल्ल्यातल्या पत्रांची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले. त्यांत मौलाना आझाद होते. त्यांनी किल्ल्यात बसून आपल्या मित्राला, हबीबुर रहमान खान शेरवानींना, उर्दूत पत्रं लिहिली. चहाबद्दल लिहिलं, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल लिहिलं. पाठवायला परवानगी नव्हती, म्हणून पत्रं तिथेच राहिली. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने आली. ते तुरुंगात असतानाच, १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी कोलकात्यात वारल्या. त्यांना भेटता आलं नाही. मुलांना हे फार जवळचं वाटलं. किल्ला त्यांनी पाहिलेला असतो, आणि पत्र लिहूनही ते जात नाही म्हणजे काय, हे त्यांतल्या काहींना कुणी समजावायची गरज नव्हती.

त्याच किल्ल्यात नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अकरा सोबत्यांबद्दल लिहिलं आहे, की त्यांच्यात संस्कृत, पाली, अरबी, फारसी जाणणारे होते आणि हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, उडिया बोलणारे होते. मराठी शंकरराव देवांची. जवळजवळ तीन वर्षं ही माणसं एका आवारात राहिली. भिंगारच्या वर्गात मला त्या यादीचं फार अप्रूप वाटतं, कारण माझ्या हजेरीपटावर जवळजवळ तीच यादी असते.

या गावाला परकी माणसं नवी नाहीत. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे भिंगारजवळच नगर वसवलं. औरंगजेबाचा शेवट १७०७ मध्ये इथल्याच छावणीत झाला. मिस सिंथिया फॅरार १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या, आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. मुलींना शिकवायचं म्हणून एक अविवाहित परदेशी बाई मराठी शिकली. जोतीरावांनी तिची शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचं शिक्षण घेतलं, हे आमच्या भागातल्या प्रत्येक शिक्षिकेने अभिमानाने सांगावं असं आहे.

निजामशाहीपासूनची आणखी एक गोष्ट माझ्या वर्गात रोज बोलते. भिंगारच्या मुसलमान घरांत दखनी बोलतात. माझ्या वर्गातली अशी एक मुलगी नव्या मुलांना मराठी समजावून सांगायची. “मेरे कू मालूम है, मैं बताती” म्हणत ती उठली की उत्तरेकडची मुलं हसायची. त्यांच्या लेखी ती हिंदी चुकत होती. एके दिवशी ती बोलायचीच थांबली. वर्गात मूल गप्प होतं तेव्हा शिक्षकाने फार सावध व्हावं. काही घरांत मोठ्यांसमोर न बोलणं हा आदर असतो. माझ्या वर्गातली एक मणिपुरी मुलगी पहिले काही महिने अशीच गप्प होती, आणि ते गप्प राहणं तिच्या शिस्तीचा भाग होतं. तिला मी वेळ दिला. या मुलीचं गप्प होणं वेगळं होतं. ती बोलकी होती आणि तिला गप्प केलं गेलं होतं. मी वर्गाला सांगितलं की तिची भाषा चुकलेली हिंदी नाही. दखनीत कविता आणि ग्रंथ लिहिले जात होते तेव्हा आज पुस्तकात आहे तशी हिंदी घडायची होती. ‘आजच’, ‘तूच’ म्हणताना आपण लावतो तो ‘च’ तिने मराठीकडून घेतला आहे. ती दोन्ही घरांत वावरते, म्हणून तुम्हाला मराठी समजावू शकते. पुढच्या चाचणीच्या तयारीला तिच्याभोवती बसायला मुलं भांडली. हसणं पूर्ण थांबलं असं नाही, पण तिचं बोलणं परत सुरू झालं.

शाळेत दरवर्षी एक दिवस मुलं आपापल्या प्रांताचे कपडे घालून येतात. कुणी फेटा बांधतं, कुणी पगडी, कुणी मुंडू नेसतं. मुलं सुंदर दिसतात आणि पालक खूष होतात. त्याला माझा विरोध नाही. पण तो दिवस झाला म्हणजे संस्कृतींची ओळख झाली, असं मानायला मी तयार नाही. त्या दिवशी पाथर्डीचा मुलगा काय घालणार? त्याच्यापाशी प्रांताचा असा वेगळा पोशाख नव्हता, तो शाळेच्याच कपड्यांत आला होता. आणि ज्या मुलीचा जन्म झाशीचा, बालवाडी सूरतगढची, तिसरी बबीन्याची आणि सहावी भिंगारची, तिने कुठल्या प्रांताचं व्हायचं?

त्याच मुलीसमोर ‘माझे गाव’ हा निबंध आला तेव्हा तिने वडिलांच्या गावाचं नाव लिहून पेन खाली ठेवलं. त्या गावात ती फक्त लग्नाकार्याला गेली होती. मी तिला म्हटलं, तू राहिलीस त्यांतल्या एका घराच्या खिडकीतून काय दिसायचं, ते लिही. तिने बबीन्याच्या क्वार्टरबद्दल लिहिलं. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, बादल्यांची रांग लागायची, आणि दूर सरावाचे रणगाडे गेले की काचा थरथरायच्या. आई काचांना हात लावून उभी राहायची. मराठी अडखळत होती, लिंगं सगळी चुकली होती, पण ते वाचताना मला ते घर दिसलं. तिच्या शेजारच्या मुलाने आपल्या गावाबद्दल ‘माझे गाव निसर्गरम्य आहे, गावात हिरवीगार शेते आहेत’ असं शुद्ध मराठीत लिहिलं होतं. तो राहतो तिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी नसतं. गाइडमधल्या गावाने त्याचं स्वतःचं गाव झाकून टाकलं होतं. मी त्यालाही खिडकीचा विषय दिला. त्याने हुरड्याबद्दल लिहिलं: शेतात खड्डा, गोवऱ्यांची आग, भाजलेली कणसं हातावर चोळणारे आजोबा. ते वर्गात वाचल्यावर एक बिहारचा मुलगा उठून म्हणाला की त्याच्या गावी हिरवा हरभरा असाच भाजतात आणि त्याला होरहा म्हणतात. शीख मुलाकडे त्यालाच होलां. नंतरचा बराच वेळ चटणी कशाची, यावर वाद चालला आणि तो बराचसा मराठीत चालला.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने. तेव्हापासून दुसऱ्या मंडळांच्या शाळांतल्या शिक्षिका मला भेटतात. त्यांची अडचण एकच असते: दोन वर्षांत बदली होणाऱ्या मुलाला मराठी कशाला, असं पालक विचारतात. पालकांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. दर बदलीला नवी लिपी, नवं पुस्तक, नवी परीक्षा, हे ओझं मुलाच्याच पाठीवर पडतं. मी त्यांना एवढंच सांगते, की दोन वर्षांत व्याकरण पुरं होणार नाही, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाचं घर समजू शकतं. त्यासाठी लागणारी मराठी दोन वर्षांत येते. सक्ती असावी का, यावर माझं मत सक्तीच्या बाजूचं आहे. पण सक्तीची भाषा शिकवणाऱ्याने मुलाच्या आयुष्यात बसतील असे प्रश्न विचारले पाहिजेत. सक्तीचा एवढा तरी मोबदला मुलांना मिळायला हवा.

यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत मतभेद आहेत. माझी एक सहकारी मनापासून शिकवणारी आहे. ती म्हणते, बोर्डाच्या पेपरात खिडकी येत नाही. पेपर तपासणाऱ्याला ठरलेला आराखडा लागतो, मुद्दे लागतात, आणि मुलांचे गुण गेले तर जबाबदार आपण. तिचं म्हणणं मी टाळू शकत नाही. म्हणून अक्षरभारती शिकवताना, नववी-दहावीत, मी दोन्ही करून घेते. आधी मुलाने स्वतःचं लिहायचं, अडखळत, हवं तिथे हिंदी किंवा घरचा शब्द घालून. मग तोच मजकूर परीक्षेच्या आराखड्यात कसा बसवायचा ते आम्ही मिळून बघतो. पहिला कागद फाडायचा नाही, वहीला टाचून ठेवायचा. सहकारी म्हणते, याला वेळ दुप्पट लागतो. लागतो. सहामाहीनंतर आम्ही दोघींनी दोन्ही तुकड्यांच्या वह्या एकत्र बसून तपासायच्या ठरवल्या आहेत. विषयांची यादी तिने करायची आणि तिच्यातला प्रत्येक विषय वर्गातल्या कुठल्या मुलाला लिहिताच येणार नाही, ते मी शोधायचं.